पप्पा हसले आणि म्हशीचा कॅन बिघडला

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मला जेवण जाणार नाही. आई आतून ओरडतेय की भाकरी गार व्हायला लागली. होऊ दे. आज आमच्या पप्पांनी स्वतःच्या हातानं टीव्ही लावला, आणि त्यावर माझी मालिका! तुम्ही म्हणाल यात काय एवढं. म्हणून पहिल्यापासून सांगते, फक्त मी फार भरभर टाइप करतेय, तेवढं सांभाळून घ्या.

देवळाली प्रवऱ्याच्या पुढं, दोन्हीकडं ऊस आणि मधनं रस्ता, तिथं आमचं घर. पुढच्या खोलीत पप्पांचं दूध संकलन केंद्र. सकाळ-संध्याकाळ गावातले लोक किटल्या घेऊन रांगेला लागतात. पप्पा नमुना मशीनला लावून फॅट बघतात, वजन करतात आणि दूध कॅनमध्ये ओततात. गाईचं गाईच्या कॅनमध्ये, म्हशीचं म्हशीच्या. गावात म्हशी कमीच, म्हणून म्हशीचा कॅन एकच, त्याच्या कडीला लाल दोरी. म्हशीच्या दुधात गाईचं पडलं की फॅट उतरतं, आणि शीतकरण केंद्राचा टेम्पो तो कॅन घेत नाही. आमच्या घरात देवघराच्या आधी त्या लाल दोरीचा मान. लहानपणी मी तिला हात लावला म्हणून पप्पा जे ओरडले होते ते अजून कानात आहे.

तर झालं असं की फाट्यावर नवं केंद्र उघडलं. फरशी काय, पंखा काय, बसायला खुर्च्या काय! आमच्याकडं बसायला उलट्या घातलेल्या बादल्या. हळूहळू आमची रांग आखडायला लागली. एक दिवस टेम्पोवाले दादा पप्पांना म्हणाले, "भाऊ, राग मानू नका, पन कॅन असं अर्धंच भरायला लागलं तर एवढ्या आत गाडी घालनं मला परवडायचं न्हाई. मी आपला फाट्यावरनंच माघारी जाईन."

टेम्पो बंद म्हणजे केंद्र बंद. पप्पा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तसे ते एरवीही बोलत नाहीत, पण हे न बोलणं वेगळं होतं. आईला बरोबर कळतं.

मग मला आयडिया आली. पंखा नाही तर नाही, टीव्ही लावू! आतला टीव्ही पुढच्या खोलीत, पप्पांच्या मागच्या भिंतीवर, आणि रांगेतल्या लोकांना रोज संध्याकाळी एक कॉमेडी मालिका. मोबाईल जोडला की झालं.

"दूध घालायला येतात का तमाशा बघायला?" पप्पा म्हणाले.

"अहो, पंख्यापेक्षा स्वस्त आहे," आई म्हणाली.

पप्पा तयार झाले, पण एका अटीवर. ते स्वतः बघणार नाहीत. टीव्हीकडं पाठ करून उभे राहणार आणि आपलं काम करणार. आणि खरंच राहिले. असं ताठ, की जणू टीव्हीशी त्यांची बोलाचाल बंद आहे.

आता प्रश्न आला, लावायचं काय? इथं माझी आणि काकूची जुंपली. काकू म्हणजे माझी चुलती, शेजारच्याच घरात राहते, दोन जर्सी गाया, आणि आवाज असा की ती कुजबुजली तरी उसातनं ऐकू येतं. आमच्या घरात मालिकेला कधीच नावानं हाक मारत नाहीत. काकूची ती 'बिल्डिंगवाली' आणि माझी ती 'ऑफिसवाली'.

बिल्डिंगवालीत काय, तर एक घर, एक घरमालक आणि एक शेजारी. घरात तीन पायांवर उभी असलेली एक खुर्ची. शेजारी रोज कडी न वाजवता आत येतो, रोज त्याच खुर्चीत बसतो आणि रोज पडतो. शेकड्यानं भाग झाले असतील, ती खुर्ची कुणी दुरुस्त केली नाही. आणि तो पडला की मागून लोक हसल्याचा आवाज येतो.

माझ्या ऑफिसवालीत एक विम्याचं ऑफिस. साहेब ऊठसूट मीटिंग बोलावतात. पेन हरवलं, मीटिंग. मीटिंगला उशीर का होतो, त्यावर मीटिंग. आणि एक शिपाई, जो बोलतच नाही! नुसता फाईल घेऊन दारात उभा राहतो आणि बघतो. मागून हसण्याचा आवाज वगैरे काही नाही. मी हॉस्टेलवर असताना त्या शिपायाच्या नुसत्या बघण्यावर गादीवरनं खाली पडलेय.

"पन त्यात हसायचं कवा?" काकूनं विचारलं.

"तुला येईल तेव्हा."

"ते कसं कळायचं? आमच्यात बघ, ते आधी हसून दाखवत्यात, मग आपन हसायचं."

"म्हणजे तू परवानगी घेऊन हसतेस?"

"मग! पंगतीत 'घ्या आता' म्हनल्याबिगर घास उचलती का तू?"

मी म्हणाले की शेजारी रोज पडतो हे माहीतच आहे, मग त्यात काय गंमत? तर काकू म्हणते, "माहीत हाय म्हनून तर! माहेरी गेल्यावर आई काय करनार ते माहीत असतंच की. म्हनून काय मी माहेरी जात न्हाई?"

एका एका वाक्यात मला आडवी करत होती बाई. शेवटी मी म्हटलं, एक दिवस माझी लावून बघू. लोकांनाच ठरवू दे.

लावली. ऐका आता. रांगेत आमचे म्हशीवाले आजोबा पहिल्या बादलीवर बसलेले. गावातली सगळ्यात नामांकित म्हैस त्यांची, त्यामुळं ते बादलीवरही सरपंचासारखे बसतात. टीव्हीवर साहेबांनी मीटिंग बोलावली, शिपाई दारात उभा राहिला, बघत राहिला. मी एकटीच हसले. अख्खी खोली माझ्याकडं बघायला लागली.

आजोबा हळूच म्हणाले, "पोरी, ह्यांच्या हापिसात कुनी वारलंय का?"

काकूनं पदर तोंडाला लावला, ती मालिकेवर हसत नव्हती हे सांगायला नको. दुसऱ्या दिवशी रांगेतली दोन माणसं कमी. कुणीतरी सांगितलं की फाट्यावर गेलेत. माझ्या मालिकेमुळं गेले की पंख्यासाठी, देव जाणे, पण पप्पांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मी गुपचूप मोबाईल काकूच्या हातात दिला.

मग रोज बिल्डिंगवाली. लोक हसायचे, रांग थोडी सावरली. गेलेले मात्र परत येईनात, आणि टेम्पोवाले दादा कॅनमध्ये डोकावून "हं" म्हणून जायचे. त्या "हं"ची आम्हाला फॅटच्या आकड्यापेक्षा जास्त भीती.

आणि मग तो दिवस आला. काकू रांगेत पुढं, हातात तिची मोठी किटली, काठोकाठ गाईचं दूध. पप्पांनी नमुना घेतला, वजन केलं, किटली उचलली. पाठ अर्थातच टीव्हीकडं. टीव्हीवर शेजारी आत आला, खुर्चीपाशी गेला. सगळे तयार. पण तो बसेचना! खुर्चीकडं बघितलं, मागं सरकला, आणि हात करून घरमालकाला म्हणाला की बसा की तुम्ही. धाडकन आवाज झाला.

आणि पप्पा, पाठ तशीच ठेवून, म्हणाले, "घरमालक पडला ना?"

अहो, म्हणजे हा माणूस इतके दिवस कानानं बघत होता! सगळं माहीत होतं त्यांना! खुर्ची, शेजारी, घरमालक, सगळं! आणि ते हसायला लागले. पप्पांचं हसणं मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. आवाज नाही, नुसते खांदे गदागदा. डोळ्यांत पाणी. आणि त्या हलत्या खांद्यांनी त्यांनी काकूची अख्खी किटली ओतली.

आजोबांचं हसू आधी थांबलं. "भाऊ," ते म्हणाले, "लाल दोरीचा क्यान म्हशीचा न्हवं का?"

पप्पा कॅनकडं बघतायत. लाल दोरी तिथंच. आणि नेमकं तेव्हाच टीव्हीतले लोक पुन्हा खो खो हसले.

त्यानंतर मला अजिबात हसू येत नव्हतं, खरंच. पप्पांचा चेहरा असा झाला की मला रडूच फुटणार होतं. टेम्पो आला. दादांनी नमुना घेतला, मान हलवली. "म्हशीचं म्हनून हे चालायचं न्हाई, भाऊ." गाईचे कॅन चढवले, लाल दोरीवाला खालीच ठेवला. जाताना म्हणाले, "भाऊ, आता मलाबी वरती बोलावं लागंल. उद्याच्याला बघू." त्या "उद्याच्याला बघू"नं पप्पा खाली बादलीवर बसले. ते कधी बादलीवर बसत नाहीत.

तेवढ्यात काकू ओरडली, "बसलात काय असं? खवा करू! दूध काय पाप केलंय का?"

आईनं अंगणात चूल पेटवली, मोठी कढई चढवली. आणि गंमत म्हणजे रांगेतलं कुणी घरी गेलंच नाही. दूध घालून झालेलं, किटल्या रिकाम्या, तरी सगळे तिथंच. आळीपाळीनं उलथनं फिरवतायत आणि पप्पांची नक्कल करतायत. "घरमालक पडला ना?" असं म्हणून एकेक जण खांदे हलवून दाखवतोय. आजोबा तर चुलीकडं पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "आटलं ना?" पप्पा आधी चिडले. मग आईनं पानावर गरम खवा दिला, साखर घालून, आणि त्यांचे खांदे परत हलायला लागले.

पण दुसऱ्या दिवशी पप्पांनी नियम काढला. मोबाईल त्यांच्या खिशात राहणार, आणि दूध ओतताना टीव्हीचा आवाज बंद. पूर्ण बंद.

आता रांग म्हणजे सारखं ओतणंच की हो! म्हणजे आवाज जवळजवळ बंदच. बिल्डिंगवाली आवाजाशिवाय लावली तर ती मेलीच. शेजारी पडतोय, पण मागून कुणी हसत नाही. काकू म्हणाली, "ह्याला लागलं वाटतं." कुणालाच हसू येईना, उलट काळजी वाटायला लागली.

मी म्हटलं, आता माझी लावते. हरण्यासारखं काय राहिलंय?

आवाज बंद, साहेबांची मीटिंग सुरू. साहेब तोंड हलवतायत. आणि आजोबांनी बादलीवरनंच त्यांचा आवाज काढला, "माझी म्हस कुनी सोडली? आधी त्ये सांगा, मग चहा." लोक खुदकले. टीव्हीतली बाई उठून काहीतरी बोलायला लागली, तर काकू लगेच तिच्या तोंडात शिरली, "साहेब, तुमची म्हस माझ्या घासाच्या वावरात घुसली, तिचं आधी बोला." मग कोण थांबतंय! एकेकानं एकेक माणूस वाटून घेतला. ओळीनं म्हैस, घास, मोटर, बांध, सगळं त्या विम्याच्या ऑफिसात घुसलं.

आणि मग दारात शिपाई आला. फाईल घेऊन उभा राहिला आणि नुसता बघत राहिला.

मग काकू किंचाळली, "अगं बया, ह्ये तर आपलं भाऊजी!"

खरंच हो! तसंच उभं राहणं, तसंच बघणं, फाईलच्या जागी किटली दिली की झालं! इतकी वर्षं मी त्या शिपायावर का हसत होते ते मला तेव्हा कळलं. माझ्या घरातच तो होता. खोलीत जो हशा पिकला! पप्पा पहिल्यांदा टीव्हीकडं वळले, बराच वेळ त्या शिपायाकडं बघितलं, आणि आईला विचारलं, "मी असा दिसतो?"

"नाही," आई म्हणाली, "तो जरा हसरा आहे."

त्यानंतर लोक दूध घालून झालं तरी थांबायला लागले. टेम्पो येत होता, पण दादा अजून रोज "हं, उद्याच्याला बघू" म्हणूनच जायचे. फाट्यावर गेलेले दोघं आधी नुसतेच बघायला आले, रिकाम्या हातानं, लाजत. तिसऱ्या दिवशी किटल्या घेऊन आले. एक जण म्हणाला, "तिकडं पंखा हाय, पन वारं खाऊन हसू येत न्हाई." आजोबांनी त्याला आपली बादली दिली. आजोबांनी! बादली!

आता आजचं. आज पप्पांनी मला हाक न मारता स्वतःच मोबाईल जोडला, ऑफिसवाली लावली, आवाज बंद केला. रांग दारापर्यंत. टेम्पोवाले दादा आले, लाल दोरीच्या कॅनमध्ये डोकावले, आणि "हं" म्हणायच्या ऐवजी म्हणाले, "लई झालं की आज!" कॅन चढवले आणि गाडी सुरू न करता दारातच टेकले. "थांबा, ह्या शिपायाचं काय होतंय ते बघून जातो. उद्याबी ह्याच टायमाला लावा, मी टेम्पो त्याच हिशोबानं आनतो."

उद्याही टेम्पो येणार! पप्पांनी ऐकलं, हातातली किटली तशीच राहिली. टीव्हीवर शिपाई दारात येऊन उभा राहिला. सगळे गप्प, कारण शिपायाचा आवाज अजून कुणीच काढत नव्हतं, ती जागा कुणाची ते सगळ्यांना माहीत होतं. आणि आमचे पप्पा, लाल दोरीवर एक हात ठेवून, टीव्हीकडं तोंड करून, शिपायाच्या तोंडानं म्हणाले,

"साहेब, आधी कॅन बघा. मग हसा."

काकू बादलीवरनं पडली. खरोखर पडली, त्या तीन पायांच्या खुर्चीवरनं पडावं तशी.

भाकरीचा आता पापड झालाय आणि आई हातात उलथनं घेऊन दारात उभी आहे, अगदी त्या शिपायासारखी बघतेय. पण जायच्या आधी एवढंच सांगा, तुमच्या घरीही असं कुणी आहे का, जे वर्षानुवर्षं टीव्हीकडं पाठ करून उभं होतं आणि सगळं ऐकत होतं?