अमरावती पाहण्याचा बेत

शके १७८६, माघ शुद्ध तृतीया, सूर्योदयानंतर दोन घटका. अकोल्याजवळच्या आमच्या घरी मी वडिलांना सांगितले की, आम्ही दोघे नवराबायको उद्या पहाटे निघून अमरावती पाहून येतो. लग्न होऊन वर्षे झाली, तरी पत्नीने अंबादेवीचे दर्शन घेतले नव्हते.

वडिलांनी गाडीकडे पाहिले. त्या वर्षी आमच्या कापसावाचून विलायतेला झोप येत नव्हती.

"गाडी रिकामी काहून नेतं? थोडा कापूस टाक."

थोड्या कापसाने सायंकाळपर्यंत गाडी काठोकाठ भरली. देऊळ, शहराभोवतीचा परकोट आणि बाजार असा माझा बेत होता. त्यातला बाजार तेवढा शिल्लक राहिला.

"सूनबाईले पुढच्या साली ने," वडील म्हणाले. "देवी कुठं पळून चालली? भाव पळून जाईन."

स्वयंपाकघरात पत्नी माझ्या एकट्याच्या भाकरी बांधत होती. वर न पाहता ती म्हणाली, "अवो, देवीची ओटी आता कापसालेच भराले सांगा. माह्यापेक्षा त्याचाच मान मोठा हाय."

मी अंगणात आलो, वडिलांच्या देखत दोन बोजे खाली उतरवले, त्या जागी सतरंजी अंथरली आणि चाकांना वंगण घातले.