शुभाताईंचं आखूड जनुक

भुताखेतांवर माझा विश्वास नाही... नव्हता म्हणा. खरं सांगायचं तर विश्वास ठेवायला जे त्राण लागतं, तेही हल्ली उरत नाही. रोज इंदापूरहून एसटीने बारामती, दिवसभर लॅबमध्ये स्क्रीनसमोर, पुन्हा एसटी.

माझं काम सोपं करून सांगते. जिवाणूचा डीएनए म्हणजे अक्षरांची लांबलचक रांग. त्यात जनुकं कुठं सुरू होतात, कुठं संपतात, याचा अंदाज आमचा प्रोग्राम बांधतो. फार आखूड जनुक असलं तर मात्र कचरा समजून सोडून देतो.

माझ्या सीनियर शुभाताई यावरच चिडायच्या. त्यांच्या सणसरच्या शेतात एक कोपरा आहे — बाकी उसाला लाल कूज, म्हणजे बुरशीचा रोग, लागली तरी तिथला ऊस धड राहतो. तिथल्या मातीतला जिवाणू त्यांनी लॅबमध्ये वाढवला होता. "याच्यात एक चिमुकलं जनुक आहे गं, तेच बुरशीला अडवतंय." ते सापडायच्या आतच ताई कॅन्सरने गेल्या. प्रोग्राम लावला की खुर्ची खिडकीकडे फिरवून बसायची त्यांची सवय. म्हणायच्या, बघत बसलं की मशीन लाजतं.

यंदा आमच्या लॅबचे सर म्हणाले, प्रोजेक्ट बंद, फ्रीजर रिकामा करा. म्हणजे ताईंचा जिवाणूही फेकायचा. फार वाईट वाटलं, पण भांडायची ताकद नव्हती. शेवटचं म्हणून भर दुपारी त्याच्या डीएनएवर प्रोग्राम लावला आणि लॅबला कुलूप घालून चहाला गेले. किल्ली माझ्याच पर्समध्ये.

परत आले तर खुर्ची खिडकीकडे तोंड करून. आणि रिझल्टमध्ये एक जनुक — इतकं आखूड की आमचा प्रोग्राम ते दाखवूच शकत नाही. तीच फाइल, तेच सेटिंग, पुन्हा चालवलं... नाही. पुन्हा... नाहीच.

पहिला रिझल्ट सेव्ह होता. सरांच्या मिनतवाऱ्या करून मुदत घेतली. जिवाणूतून ते जनुक काढलं, तर बुरशी त्याच्याशेजारी खुशाल वाढली. परत घातलं, बुरशी थांबली. फ्रीजरचा विषय सरांनी मग काढला नाही.

सणसरला जाऊन ताईंच्या वडिलांना, आबांना सगळं सांगितलं.

"आजारात बी लॅबला जायची. आमी म्हनायचो, बस की जरा," आबा म्हणाले. "आता तरी इसावा घ्यायचा हुता गं पोरीनं."

हे कसं घडलं, कुणाला काही सुचत असेल तर सांगा. परवा प्रोग्राम लावून मीच खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि चहाला गेले. आले तर रिझल्ट नेहमीचाच. रडू आलं... मग म्हटलं, असू दे. बसल्या असतील ताई जरा.