आप्पांच्या मोटारीतून लस टोचायला

साताऱ्याहून रहिमतपूरला येऊन मी आगगाडीत बसले, तेव्हा जवळ एक वळकटी, चार दशम्या आणि मदत समितीने सोपवलेले काम एवढेच होते. मिरजेहून लस घेऊन जतकडच्या पटकी लागलेल्या गावांत जायचे होते.

मिरज स्टेशनावर नर्स मार्थाबाई लसीची पेटी घेऊन उभ्या होत्या. समितीकडे लस होती, वाहन नव्हते. ते दिले आप्पांनी. हे तिथले मोटारमालक. गडी पहिलवानी अंगाचा. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून त्यांची सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. चालत्या धंद्यातली ती गाडी काढून ते ड्रायव्हरसह स्वतः निघाले. अट एकच.

"सुई मला दावायची न्हाई, बाई."

पुढे हिरवा ऊस संपला आणि उघडे माळ लागले. एका चढावर मोटार बसली. ती मागून ढकलता ढकलता कोळशाच्या भट्टीच्या काजळीने आमची तोंडे काळी झाली.

त्याच तोंडांनी आम्ही धनगरांच्या वस्तीवर उतरलो. आदल्या दिवशी तिथे माय-लेक दगावले होते. आम्हाला पाहताच दारे लागली. एक म्हातारी तेवढी उंबऱ्यात उभी राहिली.

"टोचून मारत्यात म्हनं!"

"आजी, आम्ही दोघींनी टोचून घेतलंय."

"तुमी सरकारच्या. ह्या मोटारवाल्यानं घेतलंय व्हय?"

आप्पांनी त्या माय-लेकांच्या बंद खोपटाकडे पाहिले आणि बाही वर केली.

"टोचा. पर बोलत ऱ्हावा माज्यासंगं."

मार्थाबाईंनी गाडीच्या टायरांची चौकशी आरंभली. उत्तर अर्धे झाले नाही तोच आप्पा चाकाला टेकून खाली घसरले. म्हातारी पदराने वारा घालू लागली आणि हसू लागली.

"आवं, येवढा बाप्या, आन् सुईला भ्यालासा?" मग दंड पुढे करून म्हणाली, "टोच गं मला."

दारे उघडली. दिवस मावळेपर्यंत रांग संपली नाही. म्हातारीने आम्हाला कढत माडगं (हुलग्याच्या पिठाची गूळ घातलेली पेज) पाजले. आप्पांना तिने दोनदा वाढले.

परतताना आप्पांना ताप भरला. मी समितीच्या वतीने आभार मानू लागले.

"ते ऱ्हाऊ द्या. उद्याच्याला कंचं गाव?"

साताऱ्याला मी ठरल्यापेक्षा चांगलीच उशिरा परतले. समितीच्या सभेत आप्पांच्या मोटारीची फार वाखाणणी झाली. मोटारीने आम्हाला वेशीपर्यंत नेले, हे खरेच. पण पुढच्या प्रत्येक गावात आप्पा आधी उतरत, सुजलेला दंड उघडा करत आणि बंद दारांसमोर ओरडत, "बगा रं, जित्ता हाय का न्हाई मी?"