डोलोरेसच्या घरातला चौथा माणूस

डोलोरेस कुबियाक कुणावर उपकार करत नव्हती, आणि तसं कुणी म्हटलेलं तिला खपायचंही नाही. "उपकार चर्चमध्ये मिळतात. मी भाडं घेते," असं ती फाडकन सांगायची. नवरा स्टॅन काचकारखान्यात राबून राबून गेला, मागोमाग कारखानाही गेला, आणि उरलं ते ओहायोतल्या त्या नदीकाठच्या गावातलं मोठं लाकडी घर. रिकाम्या खोल्या काय चाटायच्या होत्या? तिने त्या एकट्यादुकट्या पुरुषांना भाड्याने दिल्या. नियम दोनच. दारू पिऊन जिना चढायचा नाही, आणि शुक्रवारच्या पिरोगींना, म्हणजे तिच्या बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांना, नावं ठेवायची नाहीत.

शेवटी शेवटी तिच्याकडे तिघं होते. लेस्टर, हा पूर्वी ट्रक चालवायचा, आता पाय ओढत चालायचा. हॉलिस, हा सकाळपासून हवामानाला शिव्या घालायचा. आणि ऑर्विल. ऑर्विल डोक्याने जरा मंद, अधूनमधून फिट यायची, पण भांडी घासावीत तर त्यानेच. कोपऱ्यावरच्या खानावळीत तो वर्षानुवर्षं सावकाश, कमी पगारात, खुशीत भांडी घासत होता. मग सरकारने किमान मजुरी वाढवली. खानावळवाला काही वाईट माणूस नव्हता, पण तेवढ्याच पैशांत त्याला दुप्पट झपाट्याचा गडी मिळत होता. त्याने ऑर्विलला मिठी मारली आणि घरी पाठवलं.

"मजुरी माझ्यासाठीच वाढवली ना हो, मिसेस के?" ऑर्विलने विचारलं होतं. "मग मला का काढलं?"

तेव्हापासून तो सरकारच्या अपंग भत्त्यावर आणि सरकारच्याच औषधांवर जगत होता.

संध्याकाळी चौघं स्वयंपाकघरात पत्ते कुटायची. युकरच्या खेळाला माणसं चारच लागतात, दोन दोनच्या जोड्या. ऑर्विल कायम डोलोरेसचा भिडू, कारण दुसरं कुणी त्याला घ्यायला तयार नसे. एकेका पत्त्याला तो इतका विचार करायचा की हॉलिस ओरडायचा, "अरे टाक की बाबा! तोवर माझी तिरडी उठेल!"

मग शेजारचं पडकं घर एका तरुण जोडप्याने विकत घेऊन झकपक केलं. अंगणात पाटी लावली, 'इथे सर्वांचं स्वागत आहे.' आणि महिन्याभरात नगरपालिकेत तक्रार केली की शेजारच्या भाडेकरूंमुळे गाड्या लावायला जागा उरत नाही. तिघांत मिळून एक सायकलसुद्धा नव्हती!

तपासनीस आला. कोवळा पोरगा, अदबीने बोलणारा.

"मिसेस कुबियाक, नात्यात नसलेली माणसं एका घरात तिनापेक्षा जास्त चालत नाहीत. तुम्ही धरून चार होतात. गुरुवारी मी परत येईन, तोवर एक कमी करा."

"कमी करू म्हणजे? नदीत ढकलू? अरे पोरा, या भाड्यात त्यांना गावात कोंबडीचं खुराडं तरी मिळेल का?"

"नियम मी केला नाही हो, बाई. गरिबांची दाटीवाटी होऊ नये म्हणून आहे तो."

"पुलाखाली भरपूर मोकळं असतं, नाही का?" ती म्हणाली. मग एकदम थांबली. "आणि नात्यातली असली तर?"

"नात्यातली सगळी मिळून एकच धरतो. मग दहा राहू देत."

त्या संध्याकाळी तिने सूप वाढता वाढता विचारलं, "ऑर्विल, माझ्याशी लग्न करशील?"

लेस्टरला ठसका लागला. हॉलिस म्हणाला, "बाई, तुमची नजर गेली की अक्कल?"

ऑर्विल लालबुंद झाला. "पण मिसेस के, माझ्याकडे सूट नाही."

"स्टॅनचा आहे. बाह्या उसवून लांब करीन."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी ऑर्विलला स्वतःहून निवडलं होतं. दुसऱ्या दिवशी भत्त्याच्या कचेरीत चौकशीला जाताना तो सूट घालूनच निघाला. खिडकीमागच्या बाईने दोघांकडे पाहिलं आणि समजावून सांगितलं. लग्न केलंत तर बायकोचं भाड्याचं उत्पन्न तुमचंच धरणार. मग भत्ता बंद आणि औषधंही बंद. ती औषधं विकत घ्यायची तर डोलोरेसचं घर विकावं लागलं असतं. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! या मायबाप सरकारला म्हणावं तरी काय?

बसमध्ये ऑर्विल सुटाच्या बाह्या चाचपत बसला होता. मग म्हणाला, "मग एक कमी करावाच लागेल?"

"कुणी कुठे जाणार नाही. दंड भरीन मी. तू गप्प बस."

पण रात्री हॉलिस बोलून गेला की दंड साठत गेला तर घरावरच जप्ती येते. बोलला तो सरकारवर चिडून. ऑर्विल ऐकत होता.

गुरुवारी सकाळी त्याची खोली रिकामी होती. अंथरूण नीट घातलेलं, त्यावर सुटाची घडी. रात्रीची सगळी भांडी घासून पुसून जागच्या जागी लावलेली. तपासनीस आला, त्याने माणसं मोजली, आभार मानून गेला. बाहेर बर्फ पडत होता. डोलोरेस आणि लेस्टर अंधार पडेपर्यंत हाका मारत गल्लीबोळ फिरले. हॉलिस दारातच उभा होता. त्याने शिवी म्हणून दिली नाही.

ऑर्विल रविवारी सापडला, धुलाईच्या दुकानामागे, जिथे भिंतीतून गरम वाफ येते तिथे. दुकान रात्री बंद होतं, तशी वाफही बंद होते.

डोलोरेस सूट कापडी पिशवीत घालून शवागारात गेली. काचेपलीकडच्या माणसाने मान वर न करताच विचारलं, "मयताशी तुमचं नातं?"

"नातं नाही. माझ्या घरात राहायचा."

"मग ताब्यात देता येणार नाही, बाई. बेवारस म्हणून काउंटी सरकारच दफन करेल त्यांचं."

"बरं. निदान हा सूट तरी घाला त्याला. बाह्या लांब केल्यात."

"वस्तूसुद्धा नातेवाइकांकडूनच घेता येतात."

डोलोरेसने काचेवर मूठ आपटली. "आम्ही करत होतो नातं! तुम्हीच नको म्हणालात मेल्यांनो, तुम्हीच नको म्हणालात!"

त्या माणसाने तिला रडू दिलं. मग मागे उभ्या असलेल्यांना पुढे बोलावलं.