अण्णांच्या सायकलचा नट

गुरुवारी सकाळी दहा ते दुपारी पावणेपाच या वेळेत, कासारवाडीतल्या आमच्या भाड्याच्या घराच्या अंगणात, मी माझ्या सासऱ्यांच्या सायकलचा एक नट सोडवत होतो. नट सुटला नाही.

सासरे, म्हणजे अण्णा, भोसरीच्या एका कारखान्यात फिटर. शुक्रवार हा त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस; गुरुवारी कारखान्याला साप्ताहिक सुट्टी. बीडहून आल्यावर पहिल्या दिवशी ज्या सायकलवरून कामावर गेले, तिच्यावरूनच शेवटच्या दिवशीही जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. टायर नवे घातले होते. फक्त हँडल गंजलं होतं. डावीकडे थोडं वळायचं, उजवीकडे नाही. (कासारवाडीहून भोसरीला नुसतं डावीकडे वळत जाता येत नाही.)

हँडलखालचा मोठा नट काढायचा, पुढचं चाक धरणारा चिमटा खाली ओढायचा आणि आतले बेअरिंगचे छर्रे बदलायचे, एवढंच काम. माझी बायको मनीषा पहाटे चाकणला पहिल्या शिफ्टला निघताना म्हणाली होती, "तुम्ही हात लावू नका. मी आले की अण्णा आणि मी बघतो."

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो.

"अण्णा, तुम्ही खुर्चीत बसा," मी म्हणालो. "जावई कशाला आहे?"

"बरं," अण्णा म्हणाले, आणि बसले.

पंक्चरवाले करतात तशी मी सायकल उलटी केली. सीट आणि हँडल जमिनीवर, चाकं आकाशाकडे. वरून वाकून पाना लावला आणि डावीकडे जोर दिला. नट हलला!

"हलला, अण्णा!"

"हो, हलला खरा," अण्णा म्हणाले.

त्यानंतर तो हलला नाही. मी रॉकेल ओतलं, वाट पाहिली, पुन्हा ओढलं. अण्णांनी चहा आणून दिला. म्हणाले, "जावईबापू, जरा त्या बाजूनं बघायचं का?" त्यांना ऊन लागत असावं असं मला वाटलं. मी त्यांची खुर्ची सावलीत सरकवली.

दुपारी घरमालक तात्या आले. पिढीजात इथलेच. "आसं न्हाई निघायचं," ते म्हणाले. "पाइप लावाय लागतो." बोअरच्या कामातला कंबरभर लांब पाइप त्यांनी पान्याच्या दांड्यावर चढवला. दोघांनी मिळून ओढलं. नट जागेवर राहिला. सायकल गरकन फिरली आणि तुळशीशेजारच्या दोन कुंड्या फुटल्या. मग सायकल फिरू नये म्हणून तात्या तिच्यावर बसले. (तात्या नव्वद किलोंचे आहेत.) मी पाइपला लोंबकळलो.

"हाय का हलत?"

"किंचित!"

"मंग सोडू नका, राव!"

अण्णांनी एकदा तोंड उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आणखी चहा ठेवू का?"

पावणेपाचला मनीषा आली. पाठीवरची सॅक न काढताच तिने पाहिलं. "तात्या, उतरा. सायकल सरळ करा."

आम्ही केली. हँडल आता डावीकडेही वळत नव्हतं.

"नट वरून बघताना डावीकडे फिरवला की सुटतो," ती म्हणाली. "तुम्ही सायकल उलटी करून खालून बघत होतात."

"आरं तिच्या! मंग आमी येवढा येळ काय करत व्हतो?"

"घट्ट करत होतात, तात्या."

मग ती वळली. "अण्णा, तुम्ही फिटर ना? दिवसभर समोर बसून बघत होतात?"

"पहिल्याच आट्याला कळलं गं," अण्णा म्हणाले. "पण जावयाला कसं सांगायचं?"

मनीषाने नटावर उकळतं पाणी ओतलं, चाक गुडघ्यांत धरलं, पान्यावर हातोडीचे तीन छोटे ठोके दिले आणि एकच झटका. कर्र! आम्ही पावणेसात तास कसलेला नट सुटला. चिमटा ओढण्याआधी तिने खाली स्वतःची ओढणी पसरली. सगळे जुने छर्रे तिच्यात पडले, एकही अंगणात गेला नाही. छर्ऱ्यांच्या वाट्या घासणं, ग्रीस, नवे छर्रे, नट, सगळं तासाभरात झालं. शेवटी तिने हँडलला एक बोट लावलं. ते डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं. अण्णा खुर्चीतून उठून उभे राहिले.

मलाही एक काम मिळालं. घंटी मी बसवली, तिचे दोन स्क्रू कोणत्या बाजूला फिरवायचे ते दोन्ही वेळा विचारून.

शुक्रवारी सकाळी अण्णा इस्त्रीच्या गणवेशात निघाले. मी स्कूटरवरून त्यांच्या मागे होतो. सहा चाळीसला ते कारखान्याच्या गेटवर पोहोचले. वाटेत दोन रिक्षा, एक बस आणि एक म्हैस आडवी आली. मी बसवलेल्या घंटीला अण्णांनी एकदाही हात लावला नाही.