अर्धी किंचेम

स्टुटगार्टच्या ऊर्मिला दामलेंना घोड्यावर बसता येत नाही. घोड्याजवळ उभं राहायलाही त्या घाबरतात. तरी एका घोडीबद्दल त्या दीड तास जर्मनमध्ये बोलू शकतात.

बावीस वर्षांपूर्वी गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागलेल्या कपिलच्या मागोमाग त्या इथे आल्या. त्यांच्या बी.कॉम.चं इथे कुणाला काही कौतुक नव्हतं. नऊ वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये बटाटे सोलले. मुलीच्या, अन्वीच्या, वर्गासोबत एकदा बाडेन-बाडेनला गेल्या, तिथे भिंतीवरच्या चित्रात किंचेम दिसली, दीडशे वर्षांपूर्वीची शर्यतीची घोडी. हंगेरीची, तांबूस, सडपातळ. शिंगरू असताना एका खरेदीदाराने तिच्यासोबतची पाच शिंगरं घेतली आणि हिला नाकारलं.

“कांदेपोहे खाऊन नकार कळवला म्हणा की,” ऊर्मिलाताई तिथेच म्हणाल्या.

पुढच्या चार वर्षांत तीच घोडी चोपन्न शर्यती धावली आणि चोपन्नही जिंकली. रेल्वेने देशोदेशी जायची. तिची लाडकी मांजर सोबत असल्याशिवाय डब्यात चढायची नाही, असं सांगतात.

मग घरात जेवताना घोडी, डबा भरताना घोडी. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला की त्या विचारायच्या, “अगं, घोडीने काय खाल्लं ते कळलं. कपिलने काय खाल्लं?”

“अहो आई, कपिलला हात आहेत.”

गेल्या वर्षी बाडेन-बाडेनच्या एका पर्यटन संस्थेला रविवारच्या ‘किंचेम फेरी’साठी गाईड हवा होता. जागा एकच. चाचणीत ऊर्मिलाताई आणि निवृत्त शिक्षक बेक यांना सारखेच गुण पडले.

“आल्झो, तर मग सोपं आहे,” संस्थेच्या फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. “वाटून घ्या. भारतातले ग्रुप तुम्ही इंग्रजीत करा, रविवारची जर्मन फेरी बेक करतील. तुम्हालाही बरं पडेल.”

ऊर्मिलाताईंनी मांडीवरची पर्स खाली ठेवली.

“१८७८ साली इथल्या शर्यतीत किंचेम आणि प्रिन्स जाइल्स नावाचा घोडा एकदमच पोचले. बक्षीस वाटून घेता आलं असतं. घेतलं नाही. ती पुन्हा धावली आणि जिंकली.”

“ती घोडी होती, फ्राऊ दामले.”

“गेनाऊ, अगदी बरोबर. तिचं तिच्या मालकाने ठरवलं. माझं मी ठरवते. परत चाचणी घ्या.”

घरी कपिलने कपाळावर हात मारला. “अगं, मिळत होतं ते घ्यायचंस ना! हरलीस तर तेही जाईल.”

“जाऊ दे. अर्धी किंचेम मला नको.”

“मम्मा, तू वेडी आहेस,” अन्वी जर्मनमध्ये म्हणाली.

“हो. माझा पांढरा शर्ट इस्त्री कर.”

पुढच्या रविवारी दोघांची परत चाचणी झाली. या वेळी गुण पर्यटकांनी द्यायचे होते. बेक यांनी सनावळ्या तोंडपाठ, सुरेख सांगितल्या. नंतर ऊर्मिलाताई उभ्या राहिल्या. दोनच मिनिटांत हॅट घातलेल्या एका आजोबांनी विचारलं, “पण तुम्ही मूळच्या कुठल्या?”

“मी पुण्याची, किंचेम हंगेरीची. दोघींपैकी इथली कुणीच नाही. चला, पुढे चला.”

लोक हसले, आजोबाही. त्या नाकारलेल्या शिंगराची गोष्ट आली तेव्हा ऊर्मिलाताईंचा आवाज इतका चढला की शेजारचा ग्रुप आपला गाईड सोडून इकडे ऐकायला आला.

बेक यांना एक्केचाळीस गुण पडले, ऊर्मिलाताईंना सेहेचाळीस. बेक हात मिळवत म्हणाले, “मांजरीचं मला माहीतच नव्हतं.”

फ्राऊ लिंडनर कागद आवरत म्हणाल्या, “रविवार तुमचा. भारतातले ग्रुपही घ्याल ना?”

“घेईन की. पण आधी रविवारचा करार काढा. सही करूनच ट्रेन पकडणार आहे.”