नारळ हातात घेऊन केलेलं भाषण

सन १९५८. मी एकतीस वर्षांचा होतो. शाळा दुसरीतच सोडलेली, पण आवाज असा की मालवणच्या किनाऱ्यावरून हाक मारली तर होडीतला माणूस मान वळवी. म्हणून आमच्या रापणीच्या माणसांनी ठरवलं, तांडेलाच्या निरोपाचं भाषण मीच करायचं.

रापण म्हणजे मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात गोल टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर धरून साऱ्यांनी वाळूवर ओढायचं. तांडेल आमचा म्होरक्या. त्याला आता धाप लागे, एकदा तर दोर धरूनच तो खाली बसला. मग बैठक झाली आणि त्याने घरी बसावं असं ठरलं. तो नुसता "बरां" म्हणाला आणि निघून गेला.

असे घरी बसलेले मी पाहिले होते. खणखणीत माणसं ओटीवर बसून बसून वर्षभरात वाळली. बैठकीत मी तसं म्हणालोही. "मगे दोर कोण ओढतलो, तुझो आजो?" एकाकडून एवढंच उत्तर मिळालं.

शाळेचे मास्तर म्हणाले, "मी लिहून देतो, पाठ कर." मी म्हटलं, "माझ्या तोंडातलं माझं मी बघतो." जाळं शिवता शिवता भाषण घोकलं. सुरुवात 'मान्यवर बंधूंनो' अशी. बायको हसली. "मान्यवर खंयचे? सगळे आपलेच ना?"

कार्यक्रम देवळासमोर होता. तांडेल धुतलेला सदरा घालून शाळेतून आणलेल्या खुर्चीवर अवघडून बसला होता. मास्तरांनी मला पुढे बोलावलं आणि त्याला द्यायचा नारळ माझ्या हातात ठेवला. तिथेच घोटाळा झाला. आमच्याकडे देवळासमोर नारळ घेऊन उभं राहायचं ते गाऱ्हाणं घालायला. देवाकडे मागणं मागायचं आणि दर मागण्याला लोकांनी होकार द्यायचा. घोकलेलं सगळं पुसलं गेलं आणि तोंडातून निघालं,

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात.

"आज आमचो तांडेल दोर सोडता!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येणा आमका वारो शिकवल्यान, पाणी शिकवल्यान!"

"व्हय म्हाराजा!"

"तर त्येका घरात बसवू नको! आमच्या वांगडाच रापणीर ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

आणि मग सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"अरे, निरोप द्यायचा होता ना?" मास्तर कुजबुजले.

बैठकीत माझा आजा काढणारा पुढे आला. "मेल्या, ह्या काय मागलंस?"

"मी मागलंय. व्हय तुमी म्हटलास," मी म्हटलं.

देवासमोर दिलेला होकार मागे घ्यायची कुणाची छाती नव्हती. तरी तो पुटपुटला, "पण दोर?"

तांडेल खुर्चीवरून उठला. बैठकीनंतर पहिल्यांदाच त्याचा आवाज मोठा झाला. "दोर तुमी ओढा रे! माझे हात थकले, डोळे नाय. पाण्यावरचो मासळेचो रंग माका अजून दिसता. उंच वाळयेर उभो रवान फडको हलयतंय, होडी खंय न्यावची ता सांगतंय. आणि मास्तरानू, ही खुर्ची घेवन जावा. टोचता."

लोक हसले आणि तो आजा काढणाराही हसला. नारळ तिथेच फोडला.

भाषण चुकलं असं मास्तर पुढे कितीतरी वर्षं म्हणत. मी तेव्हाही कबूल केलं नाही, आजही करत नाही. निरोपाचं भाषण ज्याला आवडलं नसतं त्याच्यासमोर ते करायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी तांडेलाच्या अंगणात जाऊन हाक मारली. तो आधीच उठून दारात बसला होता. "उशीर केलंस, झिला," म्हणाला. मी दोराचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि त्याला पुढे घालून वाळूवर उतरलो.